अंगणातली पांढरी भुकटी

प्रिय एर्मिनियो,

पत्र बघून दचकू नकोस, बाबा बरे आहेत. फोनवर मी अर्धंच सांगितलं असतं, म्हणून लिहिते आहे.

आज प्रयोगशाळेत एक तंतू पाहिला. आरोग्य खात्यात अकरा वर्षं मी अ‍ॅस्बेस्टॉस या दगडाचे तंतूच मोजते आहे, तरी आज खुर्चीतून उठवेना. केसाहून शेकडो पटींनी बारीक, टोकाशी फाटून दोन, त्यांचे पुन्हा चार. आग त्याला जाळत नाही. छातीत शिरला की चाळीस चाळीस वर्षं वाट बघतो. दगडाला हे कसं साधलं असेल? भीती वाटायला हवी होती. मी मात्र चर्चमध्ये उभी असल्यासारखी बघत राहिले.

आठवतं, शनिवारी बाबा अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यातून पांढऱ्या भुकटीचं पोतं आणायचे? फुकट मिळायची, अख्खं गाव न्यायचं. आपल्या अंगणातलं गोळे घरंगळवायच्या खेळाचं, बोच्चेचं मैदान त्यांनी ती चाळून चाळून केलं. गोळा त्यावरून आवाज न करता घरंगळायचा. शेजारचे सेकोंदोकाका ओरडायचे, "अरे, मैदान आहे की नवरीची गादी? हरलास तर झोप लागली म्हणू नकोस!" आणि आई दारात बाबांचा कामाचा डगला झटकत असायची. तिच्या फुफ्फुसांत काय सापडलं ते तुला माहीतच आहे. ती गेल्यापासून बाबा आपले कपडे कुणाला धुऊ देत नाहीत.

आजचा तंतू आपल्या अंगणातला होता. रविवारी मातीचा नमुना घेतानाच बाबांना सांगितलं होतं. "म्हणजे नातीलाही मीच?" एवढंच म्हणाले. मग माळ्यावरची जुनी चाळण आणून माझ्या पायाशी ठेवली. "हीपण ने."

गुरुवारी माणसं येऊन मैदान उकरून नेतील. तुझ्या विओलाला या उन्हाळ्यात आणू नकोस. मैदान उकरण्यासाठी खात्यात भरायच्या नोंदणीच्या कागदावर एक प्रश्न होता: घरच्यांना हे केव्हापासून ठाऊक आहे? 'नुकतंच' लिहिलं असतं तर कुणी हटकलं नसतं. पण मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, एर्मिनियो. आईनंतर बाबांवर हेही कसं घालायचं, म्हणून मी दर वसंतात वरून वाळू टाकत राहिले आणि तेवढं पुरेल असं स्वतःला समजावत राहिले. तुझी लेक तिथे चार उन्हाळे खेळली. मी खिडकीतून बघत होते. कागदावर मी 'अकरा वर्षं' लिहिलं आहे. त्याची प्रत तुलाही येईल. त्याआधी हे माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

अजूनही म्हणू देशील तर, तुझीच बहीण
ओर्नेल्ला