अबोलीच्या मागचा काळा

३ फेब्रुवारी
वाडीत पोहोचले. खोली छपाईच्या गोदामाच्या वरच आहे, ऊन भरपूर. अमरावतीच्या कॉलेजात तीस वर्षं फोटोग्राफीची प्रयोगशाळा सांभाळली. आता पुन्हा कामाला हात लागणार म्हणून खूश आहे. गणपतरावांचा कृष्णधवल फोटो छापण्याचा धंदा: तीन प्रिंटर, एक मालक आणि मी. माझ्याआधीची अबोली न सांगता निघून गेली म्हणतात. बेशिस्तपणा.

४ फेब्रुवारी
इथली छपाई वाईट. सावलीतलं सगळं डांबर. प्रोफाइल, म्हणजे कागदानुसार शाई किती सोडायची याचा हिशेब, दुसऱ्याच कागदाचं असणार. नवं करायला घेतलं: करड्या रंगाचे एकवीस चौकोन छापायचे, दिवसभर वाळवायचे, प्रत्येक किती गडद उतरला ते यंत्राने मोजायचं आणि त्याप्रमाणे प्रिंटरला शाई सोडायला लावायची. ओली शाई खोटं बोलते. वाळवण्यात तडजोड नाही. गणपतराव कुरकुरले; काळ्याला ते काया म्हणतात. "काया तो कायाच राहू द्या न बाई. त्यात काहून डोकावून राहिल्या?" पगार त्याचाच घेते, म्हटलं.

६ फेब्रुवारी
अबोलीची आई यमुताई आल्या, डोक्यावर पदर. पोरगी सात महिने बेपत्ता, आईजवळ धड फोटोही नाही. "मले तिचा चेहरा पायजे बाई, बाकी काई नोको." संगणकात एक सापडला, अबोलीनेच चाचणीसाठी टायमर लावून काढलेला, मागे काळा पडदा. नव्या प्रोफाइलवर छापला. चेहरा सुरेख आला. पण पडद्याच्या काळ्यात आता घड्या दिसतात, आणि एका घडीत माणूस. हातात पहार.
हा प्रिंट यमुताईंना द्यावासा वाटेना.

८ फेब्रुवारी
माझीच चूक समजून सगळं पुन्हा मोजलं. तीच फाइल छापली. पहार वर उचललेली आहे. परवा खाली होती. संगणकाच्या स्क्रीनवर मात्र नुसता काळा.

९ फेब्रुवारी
तिसरा प्रिंट. पहार डोक्यात. कवटी कानापर्यंत फुटली आहे, एक डोळा गालावर आलाय. दुसऱ्याने अबोली कॅमेऱ्याकडेच पाहते. माणसाचा चेहरा उजेडात आला. गणपतराव.
यमुताईंना फोन केला. उद्या अकराला हवालदाराला घेऊन येतील. आताच येऊन नेऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. ओली शाई पुसली जाईल, पुराव्याला डाग नको. टेबलावर वाळत ठेवला.

१० फेब्रुवारी, सकाळी दहा
टेबल रिकामं. मोजणीचं यंत्र ठेचलेलं. शटर आतून ओढलंय. मी ओढलं नाही.

दहा-वीस
उजवा हात गेला. गणपतरावची पहार. बोटं कातड्याला लोंबतात. डाव्याने लिहिते — छपाईच्या खोलीत शिरून कडी घातली. फोन बाहेर राहिला. तो दारावर घाव घालतोय. चौथा प्रिंट लावला. ओलाच खिडकीच्या गजांतून रस्त्यावर टाकीन —

दहा-तीस
प्रिंट आला. त्यात अबोली जमिनीवर. पहार पुन्हा वर. पडद्याआडून दुसरी बाई येते आहे, डोक्यावर पदर —
घाव थांबले.
शटरवर थाप. यमुताई. अर्धा तास आधी. एकट्याच.
तो त्यांना या म्हणतोय. गोड आवाजात. पोरीचा फोटो झाला, म्हणतोय —
ओरडते. घशातून नुसती हवा. शटर वर जातंय. कडी काढते — एका हाताने निघत नाही — यमुताई, आत पाऊल