कर्नलसाहेबांच्या विरोधात त्यांची आई

विहीणबाईंना वाकून नमस्कार (वाकता येत नाही, पण लिहायला काय जातं).

तुमची तब्येत कशी आहे? व्याह्यांचा खोकला थोरल्या लेकाकडे जाऊन बरा झाला, की तोही तिथेच मुक्कामाला आहे? मी ठणठणीत. तुमची लेकही मजेत आहे, हल्ली हसतेसुद्धा. ती का हसते तेच सांगायला कागद घेतलाय. (माझी शाळा दुसरीत सुटली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. तुमचंही काही मोत्यासारखं नाही.)

तुमचे जावई निवृत्त होऊन घरी आले तेव्हाचे हाल तुम्हाला ठाऊक आहेत. कर्नल माणूस, पलटण सुटली आणि हाताला लागलो आम्ही दोघी. उजाडायच्या आत स्वयंपाकघराची तपासणी, डबे उंचीप्रमाणे रांगेत. कुकरने विचारून शिट्टी द्यावी, एवढंच राहिलं होतं. तुमची लेक पिशवी भरून माहेरी निघाली, तेव्हा मी म्हटलं, थांब, मलाही ने. तेवढ्यात गल्लीतल्या पतपेढीला शिस्तीचा अध्यक्ष हवा होता, त्यांनी याला नेलं आणि आम्ही दोघी दुपारी पाय पसरून झोपलो. पण तिथेही हा गप्प बसेल तर ना! कर्ज मागणाऱ्यांच्या घरी जाऊन पाहणी सुरू केली. चादरीला सुरकुती दिसली की अर्ज नामंजूर. शिंप्याला नवं मशीन हवं होतं, तर त्याच्याच सदऱ्याला बटण नाही म्हणून बिचाऱ्याला परत पाठवला. वर्षभरात एकालाही कर्ज नाही, मग व्याज काय आभाळातून पडणार? शेवटी सभासदांनी हार घालून सांगितलं, साहेब, तुमच्यासारख्यांनी राजकारणात जायला हवं. (तो काढून टाकल्याचा हार होता हे त्याला अजून कळलेलं नाही. तुम्ही बोलू नका.)

तर आता नगरसेवकाची निवडणूक. जिंकला तर पाच वर्षं बाहेर, हरला तर पुन्हा आमचे डबे. आणि प्रचार कसा? पहाटे दारं ठोठावतो, माणसं टॉवेल गुंडाळून दार उघडतात, हा म्हणतो, "मतदान रविवारी. हजर राहा. काही शंका?" की निघाला पुढच्या दाराला. मत द्या, असं तोंडातून निघत नाही. समोरचा उमेदवार फर्निचरवाला, तो मेला पायरीवर बसून म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतो. माझ्याही केली. पोटच्या पोराने कधी केली नाही.

आता गंमत ऐका. याचा अर्ज बाद झालाच तर घरातलं कुणी असावं म्हणून एक अर्ज माझ्या नावानेही भरला होता. सगळेच भरतात आणि मग मागे घेतात. मागे घ्यायच्या दिवशी हा दारात ताठ उभा राहून म्हणाला, "आई, तयार राहा, सहीला जायचंय."

मी म्हटलं, "सही माझी आहे. नीट माग."

"नीट म्हणजे?"

"हात जोडून. आईपुढे जुळत नाहीत ते चौकात काय जुळणार?"

"हा हुकूम आहे, आई."

"मग घाल मला तुरुंगात," म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मुदत टळली. आता मतदानाच्या यंत्रावर आम्ही मायलेक खालीवर. त्याला छत्री, मला शिडी. गल्लीतल्या बायका आम्ही शिडीलाच देणार म्हणत खिदळत फिरायला लागल्या, तसा कर्नल हबकला. परवा माझ्या खाटेशी येऊन जमिनीवर बसला (बसला हो!), हात जोडले आणि म्हणाला, "आई, गुडघे कसे आहेत गं? मत दे ना मला." मी म्हटलं, विचार करून सांगते. तिथून उठला तो तडक शिंप्याकडे गेला, त्याची माफी मागून चहा पिऊन आला. आता दारोदार मांडी घालून बसतो, लोकच त्याला उठू देत नाहीत. जेवायलासुद्धा वेळेवर घरी येत नाही. तुमची लेक हसते ती त्यामुळे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नका.

तुमची विहीण

ता. क. व्याह्यांना घेऊन शनिवारीच या. तुम्हा दोघांची नावं अजून इथल्याच यादीत आहेत. दोन्ही मतं छत्रीला. लेकीचं सुख तुमच्या बोटावर आहे.

आणखी ता. क. व्याह्यांचं छत्रीलाच जाऊ द्या. तुमचं मात्र गुपचूप शिडीला टाका. माझं स्वतःचं त्याला द्यावं लागणार, बायका नुसत्या तोंडाच्या शूर, आणि मला शून्य पडलं तर हा मला जन्मभर ऐकवील.