नात्यांच्या शब्दांची पेटी

मी, जॉर्ज शांतवन उजागरे, वय एकोणऐंशी, निवृत्त संस्कृत शिक्षक, राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दबाव कोणाचाही नाही. राग आहे, तो माझा स्वतःचा आहे.

१. राहतं घर, अंगणातल्या सीताफळासकट, माझ्या दिवंगत भावाचा मुलगा जस्टिन यास मिळावं.

(पान दुसरे)

२. संस्कृत, ग्रीक, लॅटिन शब्दांची मुळं शोधून मी जन्मभर कार्डांवर लिहिली. मी दवाखान्यात असताना जस्टिनने त्यातली एक पेटी रद्दीवाल्याला दिली. नात्यांच्या शब्दांची: पितृ, मातृ, भ्रातृ, दुहितृ. विचारलं तर म्हणाला, "काका, कागदंच हुती ना? घर मोकळं करायला नको व्हय?" मी जिवंत होतो! याला मी माफ केलेलं नाही, मेल्यावरही करणार नाही.

३. उरलेल्या पेट्या माझी विद्यार्थिनी कृपा हिला. ती कर्जतला शिकवते आणि सुट्टीला एसटीने येऊन ती गेलेली कार्डं माझ्याकडून पुन्हा लिहून घेते. आमचं रक्ताचं काही नाही. जस्टिनचं नाक मात्र हुबेहूब माझं. पण 'देव' आणि ग्रीक 'थेऑस' दिसायला सारखे, अर्थानेही सारखे, आणि नातं शून्य. 'चक्र' आणि ग्रीक 'कुक्लोस' यांचे चेहरे जुळत नाहीत, तरी मूळ एकच. वर्गात शिकवलेला नियम मी घरातही लावतो.

४. "पाद्र्याच्या पोरानं संस्कृत शिकवायचं?" असं स्टाफरूममध्ये विचारणाऱ्या गहिनीनाथाने माझा ग्रीक कोश नेला आहे. तो परत मागू नये. त्याच्या कपाटात तो त्याला टोचत राहो.

५. माझ्या दफनविधीला जस्टिनने भाषण करू नये.

६. वकीलबाई सांगतात, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यात दिलेलं सगळं रद्द ठरतं. मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. असं काही रद्द झाल्यास ते कृपाला मिळावं.

७. काल जस्टिनला पहिलं पान दाखवलं. "काका, साक्षीदार लागत आसंल तर मी हाय की!" म्हणाला. दुसरं पान त्याने मागितलं नाही. कागद वाचण्याची त्याला आवड नाही.

ठिकाण: अहिल्यानगर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: जॉर्ज शांतवन उजागरे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली. साक्षीदार:
१. सूर्यभान कोंडीराम लांडे. नातं: शेजारी.
२. जस्टिन विल्यम उजागरे. नातं: शब्द रद्दीत गेला.