भुई

प्रिय विशू,

तुझा निरोप मिळाला. माझ्या थोरल्याला सौदीत जुबैलला आण, कंपनीत शब्द टाक, म्हणतोस. त्याचं उत्तर शेवटी देतो. फोनवर बोललो असतो तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहायला बसलो.

झयान बरा आहे असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे त्याचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. एवढ्या घोड्याएवढ्या आपल्या पोराला इस्मत शर्ट घालते आणि तो भिंतीकडे बघत उभा राहतो. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत.

शिमग्याला गावी जायचा हट्ट त्याचाच. जन्म इथला, शाळा इथली, मी मराठीत विचारलं की उत्तर हिंदीत. पण आपल्या गोळ्याच्या गोष्टी ऐकून ऐकून पोरगा वेडा झाला होता. काथ्याचा एक गोळा, दोन वाड्या, आणि तो दुसऱ्या वाडीच्या विहिरीत टाकेपर्यंत शेत, ओढा, कुंपण, कुणाचं अंगण, काही म्हणून बघायचं नाही. माणसं किती, वेळ किती, कशालाच धरबंध नाही. नियम एकच, खाली दबलेला ‘भुई’ म्हणाला की वरच्यांनी उठायचं. तू वरच्या वाडीचा, मी खालच्या मोहल्ल्यातला. माझ्या छातीवर बसून तोंडात माती कोंबायचास, आणि ‘भुई’ म्हटलं की तूच हात देऊन उठवायचास.

झयानकडून तो शब्द मी घोकून घेतला होता. पण अंगावर माणसांचा ढीग पडल्यावर तोंडात रोजचाच शब्द येतो. तो ‘खलास, खलास’ ओरडला. कुणी उठलं नाही. गावात खलास म्हणजे मेला; इथल्या अरबीत त्याचा अर्थ ‘बस, थांबा’, हे गावाला कुठून कळणार, असं मी मनाला समजावलं, इस्मतलाही समजावलं. कुणावर राग धरणार नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

मग तूच तो व्हिडिओ पाठवलास. बघ कसला रंगला खेळ, म्हणून. तू नीट ऐकलाही नसशील. मी ऐकला. ढिगाखालून माझं पोर ओरडतंय, कुणीतरी विचारतं, काय म्हणतो रे तो, आणि तुझा आवाज येतो, “काय नाय, त्यांची भाषा हाय. गावचा शब्द बोलू दे, मग उठू.”

विशू, तू सहा वर्षं इथल्या कॅम्पात माझ्या खालच्या खाटेवर काढलीस. जेवण झालं, खलास. शिफ्ट संपली, खलास. पाइप तुझ्या पायावर घसरला तेव्हा तू हेच ओरडला होतास, आणि क्रेनवरच्या फिलिपिनो माणसाने जागच्या जागी क्रेन थांबवली. तू कुठल्या गावचा, हे त्याने विचारलं नाही.

तुझ्या थोरल्याचं काम झालं आहे. सुपरवायझर हो म्हणाला, व्हिसा निघेल. विमानतळावर मी स्वतः जाईन, सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडेच जेवेल. इस्मतने नाही म्हटलं नाही, नुसती उठून आत गेली. पहिल्याच दिवशी मी त्याला तो शब्द शिकवणार आहे, कारण इथे तो ऐकला की माणसं थांबतात. पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी, की पोराने हौसेने घरी फोन करून त्याचा अर्थ तुला सांगितला, तर पहिल्यांदाच ऐकतोयस असं करू नकोस.

सवय मोडत नाही म्हणून, तुझाच,
हाशम