घड्याळाशेजारचा म

८ फेब्रुवारी १९९९, सोमवार. धुळे
कॉम्प्युटर क्लासची सकाळची बॅच चालू असतानाच जळगावहून प्रेसवाल्या नानांचा फोन. "ताई, तुमचा म गेला!" आधी कळेचना. मग ट्यूब पेटली. त्यांच्या प्रेसला मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम लिहून दिलाय, त्याचा आयकॉन. स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, बारका लाल म. एकेक ठिपका रंगवून मीच काढलेला. त्यावर क्लिक केलं की निळा E, म्हणजे इंग्रजी. परत क्लिक, परत मराठी.
तोच दिसत नाही म्हणतात. इंग्रजीत अडकले, मराठीत यायला दारच नाही.
बंद करून चालू करा म्हटलं. "आला, आला" म्हणून फोन ठेवला त्यांनी.
आला ते ठीक. पण गेला का?

११ फेब्रु., गुरु.
परत तेच. या वेळी पाचोऱ्याच्या पार्टीची लग्नपत्रिका अर्धी झालेली, बंद-चालू करण्यात ती गेली. पार्टी प्रेसमध्येच बसलेली, त्यांनी आरडाओरडा केला. नाना तापलेले. "किरण बसला की काही होत नाही. नलूअक्का बसली की तुमचा म जातो. आता तिला मशीनवर बसवतच नाही."
किरण त्यांचा भाचा, बी.कॉम. झालेला. नलूअक्का त्याच प्रेसमध्ये शिशाचे खिळे जुळवत म्हाताऱ्या झाल्या. खिळे गेले, कॉम्प्युटर आला. मागच्या दिवाळीनंतर मीच शिकवलं त्यांना. सुरुवातीला माउस टेबलाच्या काठावरून खाली जायचा. आता किरणपेक्षा कमी चुका.
माणूस बघून आयकॉन जातो? कसं शक्य आहे.
घरच्या मशीनवर दिवसभर चालू ठेवला. म जागचा हलला नाही. आबा मागे येऊन उभे, पोरीचं काय अडलंय बघायला. "गेला म्हणजे कुठं गेला? प्रोग्रॅम बंद पडला का?" तसं वाटत नाही आबा, चालूच असावा. "मग फक्त दिसत नाही म्हण." बरोबर आहे. गेला वेगळं, दिसत नाही वेगळं. नानांना हे विचारलंच नव्हतं.

१४ फेब्रु., रवि. जळगाव
सकाळच्या एस.टी.ने गेले. अक्का मशीनवर नव्हत्या. मागच्या टेबलावर पत्रिकांना घड्या घालत होत्या, हात डिंकाने चिकट. मला बघून हसल्या, पण उठल्या नाहीत.
व्हायरस तपासला. नाही. घड्याळ असतं ती खालची पट्टी, टास्कबार, कुणी ओढून लहान केली का? नाही. किरणने माझ्यासमोर दोन पत्रिका केल्या. म ठाम.
म्हटलं, आता अक्कांना बसू द्या. नाना नाखुशीने हो म्हणाले. अक्का बसल्या, पण सगळे मागे उभे, बोटं आखडलेली. काहीच झालं नाही. रिकाम्या हाताने निघाले.
दारापर्यंत अक्का आल्या. हळूच म्हणाल्या, "मी काहीच करत नही, माय. पडदा एकदम कोरा व्हई जास. मंग बठ्ठं आपोआप परत येस. फक्त तुना म येत नही."
"सगळं परत येतं? पण कोरा होतो तेव्हा तुम्ही काय करता?"
"काय करसू? हात मांडीवर ठेवस. वाट दखस. खिळा जुळाडतांना घाई करी का बठ्ठी ओळ सांडी जाये."
परत आत गेले. किरणला विचारलं, तुझ्या वेळी स्क्रीन कोरा होतो का रे? "होतो ना ताई, गणपतीचं मोठं चित्र टाकलं की. आधी सेव्ह करून ठेवतो, कोरा झाला की लगेच रीसेट मारतो. कोण बसेल वाट बघत?"
एरंडोल येईपर्यंत हेच डोक्यात. पारोळ्याला एकदम...
किरण रीसेट मारतो, म्हणून सगळंच नव्याने सुरू होतं, माझा म धरून. अक्का थांबतात. त्या थांबतात म्हणून पुढचं त्यांनाच दिसतं.

१५ फेब्रु., सोम.
क्लासला दांडी. कंट्रोल-आल्ट-डिलीट करून खालची पट्टी मुद्दाम बंद पाडली. स्क्रीन कोरा. हात मांडीवर ठेवून बसले, अक्कांसारखी.
पट्टी परत आली. घड्याळ आलं. आवाजाच्या आयकॉनचा कर्णा आला. म नाही!!
आणि कंट्रोल-आल्ट-डिलीटच्या यादीत माझा प्रोग्रॅम चालू. आबांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे ती बाई खरं बोलत होती."
हो. आणि खोट माझ्या प्रोग्रॅमची. पट्टी नवी झाली हे त्याला कळतच नाही. आपण बसलोय त्याच जागी, असं धरून चालतो.
पण कर्ण्याला कसं कळतं? कोण सांगतं त्याला?

१७ फेब्रु., बुध.
कर्ण्याचं कोडं सुटेना. दुसरी वाट. प्रोग्रॅमने थोड्या थोड्या वेळाने जाऊन स्वतःच परत बसायचं.
चालवलं. पट्टीवर म म म म म अशी रांग लागली. हसूच आवरेना. दरवेळी आयकॉनला नवा नंबर देत होते. एकच नंबर ठेवला. आता एकच म. पट्टी पाडली, म गेला, थोड्या वेळाने आपसूक येऊन बसला. पुन्हा पुन्हा पाडून पाहिलं, नुसतं बघायला मजा येते म्हणून.

२१ फेब्रु., रवि. जळगाव
फ्लॉपी नेली. नवा प्रोग्रॅम टाकला. सगळ्यांसमोर पट्टी पाडली. नाना "अहो, अहो" करत पुढे आले. घड्याळ आलं, कर्णा आला. सगळे कोपऱ्याकडे बघायला लागले. मग लाल म. नाना खूश.
तेव्हाच म्हटलं, "नाना, अक्कांची चूक नव्हती. माझ्या प्रोग्रॅमची होती. त्या थांबल्या म्हणून सापडली."
"हं. पण लग्नसराई आहे ताई. किरणचा हात झपझप चालतो."
अक्का घड्या घालत होत्या. मान वर केली नाही. मी फ्लॉपी पर्समध्ये ठेवली.
किरण चहा सांगायला बाहेर गेला. अक्का उठल्या, डिंकाचे हात फडक्याला पुसले आणि सरळ खुर्चीत जाऊन बसल्या. त्याने सोडलं होतं तिथून पुढे टाइप करायला लागल्या. कुणाला विचारलं नाही.
नाना बघत राहिले. मग म्हणाले, "भडगावचं कार्ड कुठवर आलं?"
"नावं झायात. मुहूर्त बाकी शे."
किरण चहा घेऊन आला. खुर्चीमागे उभा राहिला, नानांकडे बघत. नाना कागदाची रिमं मोजायला लागले. अक्कांची बोटं चालूच.
माझ्या गाडीची वेळ झाली होती. निघाले.