जमीन आधी, रंग मग

९ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. तुम्ही दोघं ठीक असाल. इकडे आम्हीही बरे आहोत, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. थंडी सुरू झाली. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय. तुम्ही फोन उचलत नाही. तुमची बायको म्हणते, "ते अंघोळीला गेलेत." माणूस दिवसातून किती अंघोळी करील? म्हणून पत्र.

ह्यांची तब्येत तशी चांगली आहे. जेवतात, झोपतात. सकाळी चहा झाला की टेबलाशी बसतात आणि त्या अंगठ्याएवढ्या, खेळातल्या सैनिकांच्या पायाखाली जमीन घालतात. चकतीवर गोंद, त्यावर चाळलेली वाळू आणि पुट्टी कालवून केलेला लगदा, आइस्क्रीमच्या काडीने पसरलेला. बुचाचा तुकडा मोडून खडक. आज वार कोणता ते सारखं विचारतात, पण लगदा कालवताना कधी चुकत नाहीत. तुम्हाला हे सगळं माहीत आहे. मी उगाच सांगत बसले.

तुमचे रविवार आठवतात. ह्यांनी जमीन घालायची, तुम्ही घरी नेऊन रंगवून आणायचं, मग दोघांनी फासे टाकत लढायचं. टेबल रणांगणाला गेलं म्हणून मी ताट मांडीवर घेऊन जेवायची.

"रंगाऱ्या, बुटांना पॉलिश करू नकोस. चिखलातून चालत आलेत ते."

"दादा, तुझ्या चिखलात बटाटे येतील."

एकदा तुम्ही हौसेने एक घोडेस्वार आधीच रंगवून आणलात, तर ह्यांनी हातही लावला नाही. "जमीन आधी, रंग मग. मागाहून घातली की खूर बरबटतात आणि तूच माझ्या नावाने बोंबलतोस." तुम्ही दिवसभर फुगून बसलात. केस पांढरे झालेले दोन बाप्ये.

उन्हाळ्यात आलात त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला बोल लावत नाही. ह्यांनी दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" तुम्हाला थट्टा वाटली. मलाही, क्षणभर. मग तुम्ही नेहमीच्या खुर्चीवर बसायला गेलात आणि ते म्हणाले, "तिथे नको. तिथे आमचा रंगारी बसतो, येईलच आता." तुम्ही चहा अर्धा टाकून गेलात. मी जिन्यापर्यंत आले होते. तुम्ही मागे वळून पाहिलं नाही.

तुम्ही रंगवायला न्यायचे सैनिक त्या दिवशी बिस्किटांच्या डब्यात तयार होते. डबा दाराजवळच राहिला. थोड्या दिवसांनी ह्यांनी तो उघडला. सगळे राखाडी. रंग नाही, म्हणजे रंगारी घेऊन गेला नाही. घेऊन गेला नाही, म्हणजे आपलंच काम बाकी असणार. त्यांनी पुन्हा जमीन घातली. ती वाळली, सैनिक डब्यात गेले. मग पुन्हा डबा उघडला. आता त्यांचे गुडघे दिसत नाहीत. काहींचं नुसतं खांद्याच्या वरचं राहिलंय आणि उगारलेली बंदूक. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं.

पुढचं लिहायचं म्हणून इतकं लांबवलं.

डब्यातल्यांवर आणखी थर बसेना तेव्हा त्यांनी काचेचं कपाट दाखवून विचारलं, "त्यांचं झालंय का?" त्या कपाटात तुमची निळ्या कोटाची पलटण. तो झेंडेवाला, ज्याच्या बाहीवरची बटणं तुम्ही भिंगाखाली एका हिवाळ्यात पुरी केलीत. किल्ली माझ्या कमरेला होती. मी झालंय म्हटलं असतं तर त्यांनी ते मानलं असतं. मी किल्ली काढून दिली.

ह्यांनी झेंडेवाला उजेडात धरला. पायाखालची वाळू तुम्ही तपकिरी केलेली. म्हणाले, "ही कसली जमीन, हा नुसता रंग." आणि काडी उचलली. निळे कोट आता कमरेपर्यंत गेलेत. मी समोर बसून पाहिलं आणि थांबवलं नाही. हाताला काम असलं की ते दाराची कडी खटखटवत नाहीत, गॅसकडे जात नाहीत, कुणाला शोधत नाहीत. त्या वेळात मी काही करत नाही, नुसती बसते. एवढ्या बसण्यासाठी मी तुमचं इतक्या वर्षांचं काम देऊन टाकलं. तुम्ही रागवा. मी ऐकून घेईन.

डॉक्टरांनी ह्यांना ठेवायला एक जागा सुचवली आहे. स्वच्छ आहे, खिडकीतून झाडं दिसतात. तिथे प्रत्येकाच्या सामानाला एक खण. टोकदार काही चालत नाही, गोंदही नाही. मी विचारलं, दिवसभर मग काय करतात? तिथली मुलगी म्हणाली, "टीव्ही असतो ना, काकू." महिनाअखेर मला हो की नाही ते कळवायचं आहे. मला एकटीला नाही म्हणता येणार नाही. तुम्ही रविवारचे येऊन बसलात तर म्हणता येईल.

भाऊ म्हणून येऊ नका. तेवढं तुम्हाला गिळावं लागेल. डबाभर कोरे सैनिक घेऊन या आणि दारातच सांगा, रंगाऱ्याने पाठवलंय, तयार असतील ते न्यायला सांगितलंय. तुम्हाला खुर्ची मिळणार नाही, स्टूल मिळेल. पण ते सैनिक तुमच्या हातात देतील, आणि बुटांबद्दल बजावतील. ते ऐकून घ्यायला कोणीतरी हवं. मला त्यातलं कळत नाही, आणि कळत नाही हे त्यांना समजतं.

तुम्हाला ओळखलं नाही हे तुम्ही इतकं मनाला लावून घेतलंत, म्हणून हे शेवटी सांगायचं ठेवलं होतं. गेल्या आठवड्यापासून ते मला 'बाई' म्हणतात. फार अदबीने. दिवे लावले की म्हणतात, "बाई, आता तुम्ही निघा. उशीर झाला, तुमच्या घरी वाट बघत असतील." परवा मी खरंच चपला घातल्या. खाली फाटकाशी थोडा वेळ उभी राहिले आणि वर आले. त्यांनी दार उघडलं. म्हणाले, "काही विसरलात का?"

या रविवारी या. मला ह्या घरातलं नातं लावून हाक मारणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

तुमची,
वहिनी