माझा बर्फ आणि तिची पदवी

३ एप्रिल
आजपासून चिडायचं नाही. बी.पी.
लेक पब्लिक हेल्थची मास्टर्स करून आली, त्याला महिना झाला. दोन वर्षं शिकली आणि साधं इंजेक्शन देता येत नाही! शेजारच्या वकिलांनी विचारलं, करते काय नक्की? म्हटलं, माणसं आजारी पडू नयेत हे बघते. म्हणाले, मग डॉक्टरांनी खायचं काय? घरी येऊन तिच्यावर चिडलो.
फिटर म्हणतो, मालक, बर्फाच्या फॅक्टरीतल्या पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलंय, कबुतरं आंघोळ करतात. सोमवारी बघू.

१० एप्रिल
लेक नगरपालिकेत आरोग्य खात्यात लागली. काम काय, तर दारोदार फिरून कोणाला किती जुलाब झाले ते विचारायचं! आमच्या हिला दारावर लेकीच्या पदवीची पाटी हवी. साफ नाही म्हटलं. हातगाडीवर बर्फ ओढून फॅक्टरी उभी केली, पदवीवर नाही. तीन महिन्यांत कंटाळेल, मग माझ्याच केबिनमध्ये बसेल. लिहून ठेवतो.
सोमवारचं राहिलं.

२२ एप्रिल
गावभर जुलाब. जेवणाच्या टेबलावर लेकीचा नकाशा, प्रत्येक आजारी घरावर लाल ठिपका. ताट ठेवायला जागा नाही! म्हटलं, फॉर्म कसले भरतेस, कान उघडे ठेव. सलूनमध्ये ऐकलंय, आजारी पडलेला जो तो रसाच्या दुकानांत प्यायलेला. तिने लिहून घेतलं. या घरात पहिल्यांदाच कोणीतरी माझं ऐकलं.

२४ एप्रिल
रसवाला म्हणतो, बर्फ खराब! चोराच्या उलट्या बोंबा. कोणाकडे, कधी, किती लाद्या गेल्या, ते माझं अख्खं डिलिव्हरी रजिस्टर लेकीपुढे आपटलं. म्हटलं, शोध आता यातले रसवाले. तिने रजिस्टर बघितलं, नकाशा बघितला, पुन्हा रजिस्टर. मग हळूच विचारलं, बाबा, टाकी कधी धुतली होती?
बापाला पदवी दाखवते!

२५ एप्रिल
लेकीने टाकीच्या पाण्याचं सॅम्पल नेलं. ही म्हणाली, पोरीने साहेबांना सांगून पाहिलं की दुसऱ्या कोणाला पाठवा. दुसरं कोणी नाहीच. पोरगी जेवली नाही. मी समजुतीने सांगितलं, आपलेच दात, आपलेच ओठ, रिपोर्ट जरा सांभाळून लिही. म्हणाली, अकरा जण सलाईनवर आहेत बाबा, ते कोणाचे?
उलट बोलायचा पेपर असतो वाटतं त्या कोर्सला.

२८ एप्रिल
झाकण बसवून घेतलं. फर्स्ट क्लास. आता काय सापडणार, कपाळ?

२ मे
फॅक्टरीला सील. गेटवर नोटीस. खाली तिची सही, नाव आणि नावापुढे पदवी, ठळक. नाही नाही म्हणता तिची पाटी माझ्याच दारावर लागली. वकिलांनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाले, अच्छा, हे करते होय!
डोकंच फिरलं. टाकीच्या नळाचं पाणी ग्लासभर घेतलं, गर्दीसमोर गटागटा प्यायलो. म्हटलं, बघा, काय होतंय मला? लेक ओरडत होती. अजिबात ऐकलं नाही.

४ मे, सकाळी ६
पहाटेपासून संडासातच. लेक दाराबाहेर मीठ-साखरेचं पाणी घेऊन उभी. विचारते, बाबा, कितव्यांदा? मी नळ मोठा सोडला. पुन्हा विचारलं. सातव्यांदा, म्हटलं.
बाहेर पेन वाजलं. आमच्या घरावर ठिपका पडला असणार.